मागून आणलेल्या गाढवावरचा राजा

होळी होऊन गेली होती आणि उन्हाळा लागला होता. अशाच एका रविवारी सकाळी मी नेरूळच्या बाजारातून भाजीची पिशवी घेऊन घरी परतत होतो. रस्त्याने एक मिरवणूक चालली होती. ना बँड, ना गुलाल. बायका, पुरुष, पोरेसोरे, सर्वांच्या हातांत हिरव्या झावळ्या. कोणी मल्याळीत गात होते, कोणी कोकणीत. मधूनच एखादा मराठी सूरही कानी पडे. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या, मूळच्या नगरकडच्या एक आजी नातवाचा हात धरून त्या घोळक्यात चालत होत्या. मला पाहून थांबल्या व म्हणाल्या, "गुरुजी, आज आमच्या राजाची मिरवणूक."

मी पुढे पाहिले. पालखी नव्हती, रथ नव्हता. पांढऱ्या झग्यातले एक पाद्रीबाबा तेवढे सर्वांच्या पुढे पायी चालले होते. मी थट्टेने विचारले, "आजी, राजा कुठे दिसत नाही तो?"

"तो गाढवावर बसून केव्हाच पुढे गेला की," आजी म्हणाल्या.

"पण राजाने गाढवावर का बसावे? घोडा नव्हता मिळत?"

आजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "घोड्यावर बसला असता तर आमच्या वस्तीत कशाला आला असता, गुरुजी?"

मी आयुष्यभर मराठी शिकवले आणि पुष्कळशी काव्यचर्चा केली. तरीही हे उत्तर ऐकून घरी आलो आणि जुनी पुस्तके पुन्हा काढून बसलो. आपल्या मराठी वाङ्मयाने या राजाला कसे वागवले? त्याचे गाढव त्याच्यापाशी राहू दिले, की आदराच्या भरात काढून घेतले? दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवण्याजोगा हा प्रश्न आहे, असे मला वाटले. तो दिवाळीचाच का, हे शेवटी सांगेन.

प्रथम गाढवाविषयी. मराठी माणसाला राजा गाढवावर बसलेला सांगणे ही गोष्ट सोपी नाही. आपल्याकडे गाढवावर बसवतात ते मान द्यायला नव्हे, धिंड काढायला. कोकणात आणि ठाण्याच्या आसपास शिलाहारांच्या काळातील गधेगाळ सापडतात. राजाने दिलेले दान जो मोडील त्याला गाढवाच्या नावाने दिलेली शिवीच दगडावर कोरून ठेवलेली. मुरार जगदेवाने पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवला आणि पुढे जिजाबाईंनी बालशिवाजींसह तिथे सोन्याचा नांगर फिरवला, ही कथा तर घरोघरी ठाऊक आहे. म्हणजे आपल्या मनात राजाच्या बाजूला सोने आणि अपमानाच्या बाजूला गाढव, अशी पक्की वाटणी झालेली आहे.

यहुदी परंपरेत ती तशी नव्हती. तेथे प्राचीन काळचे न्यायाधीश गाढवांवरून फिरत आणि शलमोनाला राज्याभिषेकाच्या वेळी दावीद राजाच्या खेचरावर बसवले होते. घोडा हा लढाईचा, गाढव हे शांततेचे. जखऱ्या या संदेष्ट्याने येणाऱ्या राजाचे जे चित्र रंगवले त्यात राजा गाढवावर बसून येतो आणि लगेच पुढे यरुशलेमेतून लढाईचे घोडे नाहीसे होतात. येशूने हे चित्र जाणून निवडले. तेही गाढव स्वतःचे नव्हे. दोघा शिष्यांना गावात पाठवून बांधलेले शिंगरू सोडवून आणवले, आणि कोणी विचारले तर काम झाल्यावर ते परत पाठवू असे सांगायला लावले. खोगीर म्हणून शिष्यांचेच कपडे. पायघड्या म्हणून लोकांनी अंगावरून काढलेली वस्त्रे आणि झाडांच्या डहाळ्या. सारा राजवैभवाचा सोहळा उसनवारीचा! चारही शुभवर्तमानकारांनी हा प्रसंग सांगितला आहे, तो काही उगाच नव्हे.

तेव्हा यहुदी माणसाला या प्रसंगात शांततेचा राजा दिसला असेल. मराठी माणसाला त्यात त्याहून अधिक काही दिसते. त्याला दिसते की हा राजा धिंडीच्या वाहनावर आपण होऊन बसला आहे. पुढच्या पाचच दिवसांत त्याची खरोखरीच धिंड निघाली, काट्यांचा मुकुट घालून, चेष्टेचे जांभळे वस्त्र पांघरून. मराठीत गाढवाला जी लाज चिकटली आहे, ती या कथेच्या आड येत नाही. उलट कथेचा शेवट ती आरंभीच सांगून टाकते. एखाद्या भाषेत एखादी प्रतिमा मुळापेक्षाही खोल जाते, असे क्वचित घडते. येथे ते घडण्याजोगे होते.

शिवाय आपल्या गाढवाची दुसरीही एक बाजू आहे. काशीहून रामेश्वराला नेण्यासाठी आणलेली गंगेची कावड एकनाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्या समाजाने गाढवाला शिवी केले, त्याच समाजातल्या एका संताने त्याला रामेश्वर केले. हा राजा मराठीत यायचा तर एकनाथांच्या वाटेनेच येणार, हे उघड होते.

तो तसाच आला. एकनाथांनी देह ठेवला १५९९ साली. त्याच्या वीस वर्षे आधी, १५७९ साली, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेजुइट धर्मगुरू गोव्यात उतरला होता. त्याने आपली भाषा अभ्यासली, तिच्या प्रेमात पडला आणि ओवीछंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली ते गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. फादर स्टीफन्सने ओवी उचलली, पुराणाचा थाट उचलला, स्वर्गाला वैकुंठ म्हणायलाही तो कचरला नाही. परक्या देशात जन्मलेल्या माणसाने मराठीची इतकी थोरवी गावी, हे वाचून आजही ऊर भरून येतो.

पण टीकाकाराने ऊर भरून आला म्हणून डोळे मिटू नयेत. पुराण हा प्रकारच ऐश्वर्याचा. पुराणातला देव खाली उतरतो तो वैकुंठातून, आणि लीला संपली की वैकुंठाला परत जातो. येशू या थाटात शिरला की त्याची दीनता ही काही काळ पांघरलेली कांबळी वाटू लागण्याचा संभव असतो. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. हे पुराण ज्या सासष्टीत वाचले गेले तेथे पोर्तुगीज राजाची सत्ता होती. देवळे पाडली गेली होती, आणि १५८३ साली कुंकळ्ळीला रक्तही सांडले होते. गाढवावरच्या राजाची कथा तोफांच्या सावलीत सांगितली जात होती. यात स्टीफन्सच्या श्रद्धेला उणेपणा नाही. मात्र ऐकणाऱ्याच्या मनात दोन राजांची गल्लत झाली असल्यास दोष ऐकणाऱ्याला देता येणार नाही. असे असूनही ज्या भूमीत पुढे १६८४ साली सत्ताधीशांनी लोकांच्या बोलीवरच बंदी घातली, तेथे या ओव्या भाविकांच्या मुखी राहिल्या. थाट गळून गेला तरी ओवी टिकली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता मूळ प्रश्नाला हात घालू. देवाने वाकावे, सेवा करावी, ही कल्पना मराठी मनाला नवी नाही. महाभारतात राजसूय यज्ञाच्या वेळी श्रीकृष्णाने ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम पत्करले. उष्ट्या पत्रावळी काढल्याचेही आपले संत सांगतात. नाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन पाणी भरतो. जनाबाईबरोबर दळायला बसतो. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले, हे वाचताना वारकऱ्याला परके वाटू नये. म्हणूनच नारायण वामन टिळक म्हणत की आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून.

पण येथेच एक सूक्ष्म भेद आहे, आणि या साऱ्या वाङ्मयाची पारख त्यावर होते असे मला वाटते. श्रीखंड्या हा वेष आहे. तो ओळखला गेला की देव अंतर्धान पावतो आणि मग भक्ताला रुखरुख लागते. रात्री घोंगडी पांघरून नगरात फिरणारा राजाही सकाळी सिंहासनावर असतो. या कथांची गोडी वेषांतराची आहे. शुभवर्तमानातल्या राजाची नम्रता वेष नव्हे, स्वभाव आहे. लोक त्याला बळेच राजा करू पाहतात तेव्हा तो डोंगरात निघून जातो. पिलातापुढे उभा असताना आपले राज्य या जगाचे नाही म्हणतो. त्याच्या क्रुसावर 'यहुद्यांचा राजा' अशी पाटी तीन भाषांत लागते, आणि ती खाली उतरवली जात नाही. पुनरुत्थानानंतरही हातांवरचे खिळ्यांचे वण तसेच राहतात. संशयी थोमाला तेच दाखवले जातात. वेष असता तर उतरवून ठेवला असता.

तेव्हा कवीला विचारायचा प्रश्न असा: तुमच्या काव्यात नम्रता हा राजाचा वेष आहे की स्वभाव?

टिळकांना हा भेद कळला होता. जन्म १८६१, करजगावचा. संस्कृत काव्याचे संस्कार. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राला प्रिय. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या कवीला शिकाऱ्याच्या हातून जखमी झालेल्या पक्षिणीचे दुःख सोसवले नाही, तो या राजाकडे ओढला जावा यात नवल नाही. 'अभंगांजली'त ते ख्रिस्तापुढे उभे राहतात ते दरबारी भाटासारखे नव्हे, तर आईपुढे लेकरू उभे राहावे तसे. राजाला माउली म्हणणे हा मराठी संतांचा जुना हक्क. तो टिळकांनी बजावला, आणि त्या एका शब्दाने सिंहासन ओसरीवर आणून ठेवले.

पुढे १९१७ साली मिशनच्या चाकोरीतून बाहेर पडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. दरबार हा शब्द ऐकून झुली-चवऱ्या डोळ्यांपुढे येतात. पण या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र बसायचे होते. साहेबांच्या देवळातली बाके, पेटी, परक्या चाली यांतून ख्रिस्ताला सोडवून त्यांना घोंगडीवर बसवायचे होते. १९१९ साली टिळक गेले आणि दरबार फार दिवस टिकला नाही. संस्था म्हणून तो फसला असेल. प्रतिमा म्हणून मात्र तो मराठी ख्रिस्ती काव्याचे मर्म सांगून गेला. ज्या दरबारात उंच आसन नाही, असा हा दरबार.

टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहावयास घेतले होते. आरंभीचे अध्याय हातावेगळे झाले आणि ते गेले. उरलेले बहुतेक सारे काम लक्ष्मीबाईंनी केले. त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुष्कळ जण या ग्रंथाला टिळकांचे महाकाव्य म्हणून नमस्कार करतात आणि लक्ष्मीबाईंचे अध्याय पत्नीने फेडलेले ऋण म्हणून बाजूला ठेवतात. मला हे मान्य नाही. काव्यगुणांत टिळक वरचढ आहेत, हे कोण नाकारील? पण गाढवावरचा राजा सांगायला जी वाणी लागते ती लक्ष्मीबाईंची. शाळेचे तोंड न पाहिलेली, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेली ही बाई. तिची ओवी जात्यावरून उठून आलेली वाटते. तिच्यात अलंकार थोडे, घाई मुळीच नाही, आणि कोणापुढे मिरवण्याची इच्छा तर नाहीच.

त्यांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना या वाणीचे मूळ कळेल. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याने झपाटलेले. नवऱ्याने धर्म सोडला तेव्हा त्या दुःखाने वेड्यापिशा झाल्या. काही वर्षांनी एकत्र राहू लागल्या तरी पाणी वेगळे, चूल वेगळी. मग हळूहळू ते ओझे उतरत गेले. माणसामाणसांत उच्चनीच देवाने केलेले नाही, हे त्यांना आतून उमगले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्यांनी राजा स्वीकारला तो शास्त्रार्थ करून नव्हे. कोणाच्याही हातचे पाणी प्यायला शिकून. आणि हे सारे सांगताना स्वतःची फजिती सांगायला त्या कधी लाजत नाहीत. गाढवावर बसायची तयारी असलेल्या माणसाचाच हा विनोद आहे. नवऱ्याच्या वेडेपणाला हसताना त्या आधी स्वतःला हसतात. ज्याला स्वतःला हसता येत नाही त्याने नम्र राजाचे चरित्र लिहू नये.

पंडिता रमाबाईंचे कार्य याच रांगेतले. संस्कृतावर एवढे प्रभुत्व असलेल्या या विदुषीने आयुष्याची अखेरची वर्षे केडगावला बसून मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतर करण्यात घालवली, आणि ते अशा सोप्या मराठीत की नुकती वाचायला शिकलेल्या बाईलाही कळावे. १९२२ साली, काम पुरे होते न होते तोच त्यांनी डोळे मिटले. ज्या पांडित्याने त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवून दिल्या, ते त्यांनी आपल्या भाषेतून मुद्दाम उतरवून ठेवले. अलीकडच्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध करून तीच वाट पुढे नेली. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. २०२४ साली ते निवर्तले. 'सुबोध' हा शब्द वाटतो तितका साधा नाही. राजाने घोड्यावरून उतरावे तसे भाषेने संस्कृताच्या अंबारीवरून उतरावे, असा त्याचा अर्थ आहे.

उलट मराठी ख्रिस्ती गीतांत अशीही रचना पुष्कळ आहे की जिच्यात 'राजाधिराज', 'मुकुटमणी', 'रत्नजडित सिंहासन' यांची रेलचेल असते. गाणारांचा भाव खरा असतो. पण शब्द कोणत्याही राजाला चालतील असे. झावळ्या जातात, गाढव जाते, उरते ती नाटककंपनीतली जरीची टोपी. हा दोष केवळ ख्रिस्ती गीतांचा नव्हे. विठोबाला सोन्याने मढवून त्याच्या पायाखालची वीट झाकणारे आपणही त्यातलेच.

आता दिवाळीकडे येतो. पाडव्याला आपण बळीची पूजा करतो, आणि इडापीडा टळून बळीचे राज्य यावे म्हणून घरोघरी मागणे मागतो. जरा विचार करावा. या कथेत बुटका, भिक्षेकरी, नम्र दिसणारा जो आहे तो वामन. आणि त्याची नम्रता हा वेष आहे, तो तीन पावलांत उतरतो. वामन भाविकांना पूज्यच आहे. येथे प्रश्न केवळ कथेचा. कथेत खरोखर वाकतो तो राजा बळी. दिलेला शब्द पाळण्यासाठी तो आपले मस्तक पुढे करतो. त्याला ठाऊक असते की पाऊल पडणार आहे. तरी तो मान काढून घेत नाही. आणि आश्चर्य असे की लोकांनी हजारो वर्षे वाट पाहिली ती या हरलेल्या राजाच्या राज्याची.

हे साम्य प्रथम ठळकपणे पाहिले ते जोतीराव फुल्यांनी. १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त त्यांनी येशूला बळीराजा म्हटले. ते मिशनच्या शाळेत शिकले होते. पण ख्रिस्ती झाले नाहीत. म्हणून त्यांच्या या शब्दाला वेगळे मोल आहे. कवी नवनवी विशेषणे धुंडाळत होते, आणि या माळ्याच्या मुलाने शेतकऱ्याच्या तोंडचा जुना शब्द उचलून दिला. त्यात सिंहासन नाही, वेषांतर नाही. मस्तक वाकवलेला, आणि म्हणूनच लोकांच्या आशेत जिवंत राहिलेला राजा आहे. माझ्या मते नम्र राजा या कल्पनेला मराठीत मिळालेला हा सर्वांत अचूक शब्द. तो एका टीकात्मक गद्यग्रंथात पडून राहिला आणि ख्रिस्ती कवींनी त्याचे सोने केले नाही, याची मला खंत वाटते.

कॅथलिक पंथीयांत 'ख्रिस्तराजा'चा सण आहे. पोप अकरावे पायस यांनी तो १९२५ साली सुरू केला, महायुद्धात युरोपातील कित्येक सिंहासने कोसळल्यावर. पूर्वी तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे बहुधा आपल्या दिवाळीच्या आगेमागे येई. आता नोव्हेंबरच्या अखेरीस येतो. त्या दिवशी तीन वर्षांच्या क्रमाने तीन निरनिराळे पाठ वाचतात. एका वर्षी राजा क्रुसावर असतो. एका वर्षी पिलातापुढे आरोपी असतो. तिसऱ्या पाठात तो न्यायासनावर बसतो खरा, पण तेथे एवढेच विचारतो: मी तहानेला होतो, तेव्हा पाणी कोणी दिले? नाथांची कावड येथेच येऊन पोहोचते.

मी या शहरात आलो तेव्हा सिडकोच्या इमारती उभ्या राहत होत्या. वाळू आणि विटा वाहणारी गाढवांची रांग सकाळसंध्याकाळ आमच्या दारावरून जाई. ती माणसेही गेली, गाढवेही गेली. त्यांनी वाहिलेल्या विटांच्या घरांत आम्ही सुखाने दिवे लावतो. या नगरात कोणाचा पुतळा उभारावा यावर सभा होतात. त्या गाढवांची आठवण कोणी काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

पाडव्याला आमच्या घरचे फराळाचे ताट तळमजल्यावर आजींकडे जाते; नाताळात त्यांच्या करंज्या वर येतात. गेल्या पाडव्याला मी त्यांना म्हणालो, "आजी, आज आमच्या राजाचा दिवस."

त्यांनी दारातली बळीची रांगोळी पाहिली आणि विचारले, "तुमचा कशावर बसून येतो?"

मला उत्तर सुचेना. आजी हसून म्हणाल्या, "पायीच येत असेल. आमचाही उतरल्यावर पायीच गेला."